उस्तो नेमतचा कोपरा

आमच्या इस्तरवशन गावात कुणाच्या अंगणात नवा तंदूर बांधला, की दुसऱ्या दिवशी गवंड्यांचे उस्ताद, उस्तो नेमत, बोलावल्याशिवाय हजर व्हायचे. काठीने त्याला दोन टोले द्यायचे, आत डोकावायचे आणि विचारायचे, "हा नान भाजायला बांधलाय, की मांजरीला झोपायला?" बांधणारा गवंडी शेजारी उभा असला तरी. तो उभा असला तर जरा मोठ्यानेच. तो बिचारा टोपी सारखी करत हसायचा, कारण तो उस्तोंचाच शागीर्द असायचा.

शागीर्द नव्हतं कोण? या गावात थापी हातात धरणारा प्रत्येक माणूस उस्तो नेमतच्या हाताखाली माती तुडवून मोठा झालेला, नाहीतर त्यांच्या शागीर्दाच्या हाताखाली. माती आणि गव्हाचं काड एकत्र करून तुडवायचं काम ते महिनोन् महिने करायला लावत, आणि तेही तोंड बंद ठेवून. म्हणत, "गप्पा मारत तुडवलेल्या मातीची भिंत घरातल्या गोष्टी शेजाऱ्याला सांगते." माझी शेजारीण ज्या प्रकारे माझ्या घरातलं सगळं जाणून असते, ते पाहता आमच्या मधली भिंत कुणीतरी खूप गप्पा मारत बांधली असावी.

दिसायला काटकुळे, नाक मोठं, आणि मिशी अशी की तिच्यावरच सगळी मेहनत घेतलीय. खाण्याचे भारी शौकीन. कामावर असताना घरच्या बाईने शोरब्यात मांस कमी टाकलं तर दुपारनंतर उस्तोंचा ओळंबा सापडायचा नाही. मांस बरोबर पडलं की तो त्यांच्या खिशातच निघायचा. आणि तोंडात एक वाक्य कायमचं: "नेमतची भिंत तडकत नाही." लग्नात म्हणायचे, सुंतेच्या जेवणात म्हणायचे, मयतीला गेले तरी दुआ संपताच कुणाच्या तरी कानात म्हणायचे. त्यांची बायको, खुदा तिला जन्नत देवो, म्हणायची, "कबरीत फरिश्ते येऊन विचारतील, दुनियेत काय केलंस? हा सांगेल, माझी भिंत तडकली नाही. फरिश्ते कंटाळून निघून जातील."

पण ते वाक्य खरं होतं, हे वाईट होतं. इथे जमीन वर्षाआड हलते. इतरांच्या भिंती भेगाळल्या, कलल्या, एकदोन पडल्या. उस्तो नेमतच्या उभ्या. लोक म्हणायचे, सगळं रहस्य कोपऱ्यात आहे. घराच्या प्रत्येक कोपऱ्याखाली ते नदीतून आणलेला एक प्रचंड दगड पुरत, बसलेल्या मेंढीएवढा. तो जागेवर बसला की त्याच्यावर उभं राहून दोन उड्या मारत आणि मगच पुढचं काम. "कोपरा म्हणजे घराचा गुडघा," म्हणायचे. "गुडघा गेला की माणूस कितीही देखणा असो, बसला."

आता आमची गोष्ट. त्या वर्षी बर्फ वितळताना गल्लीतला नळ फुटला आणि पाणी आमच्या घराच्या कोपऱ्याला लागून मुरत राहिलं. नळवाले येईपर्यंत जर्दाळूचा फुलोरा येऊन झडूनही गेला. मग त्या कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत एक तडा दिसायला लागला. आधी केसाएवढा. मी पांढऱ्या मातीने लिंपून टाकला आणि कुणाला बोलले नाही. मग त्यात माझं बोट जायला लागलं. आणि एके दिवशी त्या तड्यातून बाहेरच्या गल्लीत कोण कुणाशी भांडतंय ते ऐकू आलं, तेव्हा मी नवऱ्याला हाक मारली.

त्या कोपऱ्यातली खोली अशीतशी नव्हती. आमच्या फिरूजचं लग्न द्राक्षं उतरल्यावर ठरलं होतं आणि सून त्याच खोलीत येणार होती. तिची आई म्हणजे अशी बाई की दारातून आत येताना चौकटीवरची धूळ बोटाने बघते. तडा बघितला असता तर अख्ख्या जन्माचं ऐकवलं असतं.

मी नुसरतला बोलावलं. नुसरत उस्तोंचा सगळ्यात थोरला शागीर्द. आता स्वतःच नातवंडांचा आजोबा, अंगाने दांडगा, मनाने लोण्याचा. आला, चहा प्यायला, दुसरा प्याला प्यायला, भिंतीजवळ गेला आणि त्याचा चेहरा पडला.

"अपा," ताई म्हणावं तसं मला म्हणाला, "यंदा जर्दाळू कसे धरलेत?"

"नुसरत, भिंत."

"हां, भिंत. छान आहे भिंत."

"तडा गेलाय."

"कुठे?"

"अरे, तुझं बोट त्यातच आहे आत्ता!"

त्याने बोट काढून घेतलं, जणू चटका बसला. मग टोपी काढली, पुन्हा घातली, आणि घरी कुणीतरी वाट बघतंय असं पुटपुटत गेला. त्याच्यानंतर दुसऱ्या शागीर्दाला, झोकीरला बोलावलं. तो सडपातळ, तोंडाचा तिखट, कुणाला न घाबरणारा. त्याने भिंत लांबूनच पाहिली आणि अंगणातल्या अंगणात त्याची कंबर धरली. धरलेल्या कंबरेने तो सायकलवर टांग टाकून वाऱ्यासारखा पसार झाला.

माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. आमच्याकडे शागीर्द उस्तोच्या कामाला हात लावत नाही. लावायचाच तर आधी उस्तोच्या दारी जायचं, पुढे नान ठेवायची, "परवानगी द्या" म्हणायचं. उस्तोने हात वर करून दुआ करायची, सगळ्यांनी तळहात तोंडावरून फिरवायचे, आणि मगच कुदळ उचलायची. रीत साधी आहे. पण उस्तो नेमतकडे अशी परवानगी मागायची वेळ कुणावर कधी आलीच नव्हती. तडकत नाही म्हणणाऱ्याला तडकली म्हणून सांगायचं कुणी?

म्हटलं, गावचे सगळे गवंडी एका माळेचे मणी, मग बाहेरचा आणू. खुजंदहून एक ठेकेदार आणला. गाडी, सिमेंट कालवायचं यंत्र, कमरेला दोन फोन. भिंत बघून, मावशी म्हणावं तसं मला म्हणाला, "खोला, हे काम म्हणजे चुटकीसरशी. उद्या माणसं आणतो." मी खूश. तो दुपारचं जेवायला चायखान्यात गेला. परत आला तेव्हा पाय ओढत आला.

"खोला, माझ्या उस्तोचं नाव करीम."

"बरं मग?"

"करीमचा उस्तो कोण होता, ते मला आत्ता चायखान्यात कळलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. तो यंत्र घेऊन जसा आला तसा गेला. जाताना उस्तोंसाठी मनुकांची पुडी मात्र माझ्याकडे ठेवून गेला.

माझा नवरा बुरहान चाकू घडवतो. दिवसभर धार लावत बसतो, पण बोलायला बसला की धार नाही. तो म्हणाला, "म्हाताऱ्याला सांगावंच लागेल."

"मग सांग की."

"मी?"

"नाहीतर मी सांगते."

"थांब गं. त्याच्याकडे आता राहिलंय काय? बायको गेली. हात इतके थरथरतात की चहाचा प्याला दोन्ही हातांनी धरतो. सून देते तो चहासुद्धा कोमटच. चायखान्यात जाऊन ते एक वाक्य म्हणतो आणि लोक हो म्हणतात, तेवढ्यावर माणूस चाललाय. ते काढून घ्यायचं का आपण?"

खरं होतं ते, म्हणून मला आणखीच राग आला. त्याच्या वाक्यासाठी माझ्या पोराच्या डोक्यावर छप्पर पाडून घेऊ का? मी दोन गरम नान आणि वाटीभर हलवा घेतला आणि निघाले. नुसरत आणि झोकीर रस्त्यातच भेटले. सोबत येतो म्हणाले. उस्तोंच्या दारापर्यंत आले आणि तिथल्या तुतीच्या झाडामागे उभे राहिले. दोन आजोबा, एका झाडामागे.

उस्तो ओसरीवर बसले होते. मला बघून म्हणाले, "ये केलिन." केलिन म्हणजे सूनबाई. मी सासू व्हायला निघाले तरी त्यांच्यासाठी मी अजून सूनबाईच. "नान आणलीस म्हणजे काहीतरी मागायला आलीस. बोल."

"उस्तो, आमच्या भिंतीला जरा पाणी लागलंय."

"पाण्याला सांग, भिंत नेमतची आहे. वाट बदल म्हणावं."

"सांगून झालं. ऐकत नाही."

"मग मला काय सांगतेस? मी काय नळवाला आहे?"

"उस्तो, तडा गेलाय."

त्यांनी हातातली नान खाली ठेवली. "डोळे तपासून घे तुझे."

"डोळ्यांनी नाही, बोटाने बघितलाय. हा एवढा."

ते माझ्या बोटाकडे बघत राहिले. मला वाटलं आता काठी उचलतील. त्यांनी उचललीही, पण उठायला. "चल," म्हणाले.

आम्ही निघालो ती वरात झाली. तुतीमागचे दोघे मागे लागले. चायखान्यातून आणखी तिघे उठले. गावातल्या ज्या गवंड्यांना गेले कित्येक दिवस माझ्या गल्लीत यायला वेळ नव्हता, त्या सगळ्यांचं त्या दिवशी तिथेच काहीतरी काम निघालं. माझ्या अंगणात उभं राहायला जागा उरली नाही.

उस्तो भिंतीपाशी गेले. तडा वरून खालपर्यंत बोटाने चाचपला. मग काठी टाकून कोपऱ्याशी गुडघ्यावर बसले, भिंतीला तळहात लावला, कान लावला. बराच वेळ तसेच होते.  मग ते उठले, गुडघे झटकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही माझी भिंत नाही."

"काय?" मी ओरडलेच. "उस्तो! मी नवरी म्हणून आले तेव्हा या भिंतीचा गिलावा ओला होता! माझ्या लग्नाच्या ओढणीला हिची माती लागली! आणि तुम्ही याच दारात उभे राहून पुलावाचं दुसरं ताट मागितलंत!"

"पुलाव मी सगळीकडे खातो," उस्तो म्हणाले. "म्हणून सगळ्या भिंती माझ्या होतात का? कुठल्यातरी गाढवाने बांधलीय ही. नुसरत, झोकीर, बघता काय? काढा पाया, नीट करा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या सासूने उन्हाळाभर त्यांना हाताने करून वाढलं होतं, आणि हे तिच्या अंगणात उभं राहून खोटं बोलत होते. पण बुरहानने माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाला, "मुकर्रमा, गप. काम होतंय ना?" आणि मी नुसरतकडे बघितलं. शाळेला सुट्टी मिळालेल्या पोरासारखा त्याचा चेहरा फुलला होता. भिंत उस्तोंची नाही म्हणजे परवानगी नको, दुआ नको, कुणाचं वाक्य मोडायला नको. मी तोंड मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. आढ्याच्या तुळईला मधोमध चिनाराचे खांब टेकवले. मग भिंतीच्या खालून एकेक तुकडा उकरायचा, सुटलेले दगड काढायचे, कोरड्या मातीत नवे बसवायचे, दगडांवर वेतासारख्या गवताचा थर अंथरायचा, म्हणजे ओल वर चढत नाही. एक तुकडा पक्का झाला की पुढचा. उस्तो रोज यायचे. द्राक्षाच्या मांडवाखालच्या खाटेवर बसायचे. "माझा काही संबंध नाही," आल्या आल्या जाहीर करायचे. "गाढवाचं काम कसं असतं ते बघायला आलोय."

मी हिरवा चहा द्यायचे आणि मांस भरपूर घातलेला शोरबा. राग होताच, पण जेवणावर राग काढणारी मी नाही.

"गाढवाने दगड मात्र बरे निवडलेत," एकदा उस्तो म्हणाले.

"हो उस्तो," खड्ड्यातून नुसरत बोलला. "गाढव हुशार होतं."

"हुशार कसलं. हात बरा होता इतकंच."

"नाही उस्तो, असा सांधा गावात कुणाला जमत नाही."

"पुरे. गाढवाची एवढी स्तुती करू नये, शेफारतं."

झोकीर तोंडात टोपी कोंबून हसायचा. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. असं काही दिवस चाललं आणि, खरं सांगते, माझाही राग निवळत गेला. वाटायचं, असू दे. म्हाताऱ्याचं वाक्य राहतंय, माझी भिंत राहतेय. कुणाचं काय बिघडलं?

पण काम जसजसं कोपऱ्याकडे सरकलं तसतसे उस्तो खाटेवर नीट बसेनात. चहा निवून जायचा. "आज वारा आहे, पुरे करा," म्हणायचे. वारा नसायचा. शोरब्यातलं मांस वाटीत तसंच राहायला लागलं, तेव्हा मला काळजी वाटली. मी विचारलं, "उस्तो, बरं नाही का?" तर म्हणाले, "दात." दात त्यांना तीनच राहिले होते आणि तिन्ही ठणठणीत.

कोपरा उकरायचा त्या सकाळी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. नुसरत खड्ड्यात उतरायला लागला, तसे म्हणाले, "कोपऱ्याला टेकू लावा."

नुसरत थांबला. हसला. इतक्या प्रेमाने हसला की मला अजून दिसतं. खाटेजवळ येऊन, दुसऱ्या कुणी ऐकू नये असा आवाज लहान करून म्हणाला, "उस्तो, या गाढवाच्या कोपऱ्याला टेकू लागत नाही. याच्या कोपऱ्यात मेंढीएवढा दगड असतो. माती तुडवायचो तेव्हापासून मला ठाऊक आहे. बाकी कुणाचा असता तर मी चार टेकू लावले असते."

उस्तोंनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. दोन्ही हातांत धरलेल्या प्याल्यातला चहा झग्यावर सांडत होता. मी फडकं आणायला वळले.

नुसरत खड्ड्यात उतरला. कोपऱ्याखालची माती त्याने फावड्याने ओढली, मग आडवा पडून खांद्यापर्यंत भिंतीखाली सरकला. त्या दगडाला हात लावायची त्याला घाई झाली होती. "जरा आत आहे," तो आतून म्हणाला. "येईल हाताला."

प्याला फुटल्याचा आवाज झाला. मी वळून बघितलं तर उस्तो उभे होते. काठीशिवाय.

"नुसरत! बाहेर ये! तिथे दगड नाही! मी घातलाच नाही!"

तो आवाज आता म्हाताऱ्याचा नव्हता. त्या आवाजाने नुसरतला त्याच्या तरुणपणी उन्हात उभं केलं होतं, सावलीत बसवलं होतं. काय म्हटलं हे कळायच्या आधी त्याचं अंग बाहेर आलं. झोकीरने त्याला काखेत धरून ओढला. आणि कोपऱ्याखालची माती घरंगळली, आतून भिजलेल्या विटांचा चुरा लगद्यासारखा बाहेर पडला, आणि भिंतीचा सबंध कोपरा धप्प आवाज करून वीतभर खाली बसला. नुसरतचं डोकं जिथे होतं तिथेच. तुळई करकरली, पण खांबांनी धरली.

धूळ बसेपर्यंत कुणी हललं नाही. नुसरत मातीने पांढरा झाला होता. त्याने आधी खड्ड्याकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे, मग उस्तोंकडे. उस्तो खाली बसले होते, जमिनीवरच.  मी म्हटलं आता हा काय बोलणार? दुसरा कुणी असता तर शिव्या दिल्या असत्या. मी दिल्या असत्या.

नुसरत माझ्या ओसरीवर गेला. तिथल्या दस्तरखानातून, नान गुंडाळायच्या कापडातून, एक नान उचलली, दोन्ही हातांवर धरली, रीतीप्रमाणे त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसला आणि नान ठेवली.

"उस्तो," तो म्हणाला, "परवानगी द्या."

"कसली?"

"तुमच्या भिंतीला हात लावायची."

उस्तो नानकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली ती माझ्याकडे. "केलिन, तुझ्या लग्नाच्या आधी नदीला पूर आला होता. गाडी पलीकडे जाईना. तीन कोपऱ्यांचे दगड आले होते, चौथा नदीपलीकडे राहिला. तुझा सासरा डोकं धरून बसलेला. लग्नाची तारीख धरली होती, आमंत्रणं गेली होती. काय करणार होतो? तुला अंगणात उभी ठेवू? विटांचे तुकडे आणि माती ठासली. म्हटलं, लग्न होऊ दे, मग उघडून दगड घालतो."

"मग?" मी विचारलं. 

"मग नव्या नवरीच्या खोलीखाली कसं खणायचं? मग तुझ्या पोटात पोर. मग पाळणा. पाळण्यावरची भिंत कोण हलवतं? आणि तोवर मी ते सगळीकडे म्हणत सुटलो होतो, नेमतची भिंत तडकत नाही म्हणून. लोक हो म्हणायचे." त्यांनी झग्याच्या बाहीने नाक पुसलं. "जमीन हलली की सगळे आपापल्या पोरांना घेऊन पळत. मी आधी बाहेर येऊन तुमच्या छपराकडे बघायचो. बायको म्हणायची, घरच्यांना सोडून कुणाचं छप्पर बघतोस? तिलाही सांगितलं नाही."

मला पुष्कळ बोलायचं होतं. तो कोपरा ज्यांच्या उशाशी होता ती माझी चार मुलं होती. त्या दगडाच्या भरवशावर मी भूकंपातसुद्धा कूस बदलून झोपले होते. पण समोर बसलेल्या त्या माणसाकडे बघितलं आणि माझ्यात राग सापडेचना. इतकी माया आली की रडू आवरेना. मी म्हटलं, "उस्तो, उभी राहिली ना ती. माझी चारही मुलं त्याच खोलीत चालायला शिकली."

"कशी राहिली, तिचं तिलाच माहीत," उस्तो म्हणाले.

झोकीरला राहवलं नाही. तोंडाचा तिखट खरा, पण त्या वेळी त्याने आधी टोपी काढून हातात घेतली. "उस्तो," तो म्हणाला, "असे आणखी किती कोपरे आहेत?"

सगळे उस्तोंकडे वळले. त्या अंगणात असा कुणी नव्हता, ज्याचं पोर उस्तो नेमतच्या भिंतीआड झोपत नव्हतं.

"एकच," उस्तो म्हणाले.

आणि आम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवला. त्या घडीला त्यांनी खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी त्यांना जमलं नसतं.

मग त्यांनी नानचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि दोन्ही तळहात वर केले. आम्हीही केले. दुआ त्यांनी अर्धी मनात केली, अर्धी मोठ्याने. शेवटी म्हणाले, "माझीच आहे. मीच बांधली. तोडा." आणि तळहात तोंडावरून फिरवले. सगळ्यात मोठ्याने आमीन नुसरतने म्हटलं.

बुरहानने आणि मी उस्तोंना धरून खाटेवर बसवलं. मी नवा प्याला आणला. गवंड्यांनी कोपऱ्याला चार टेकू लावले आणि तो वरून उतरवायला घेतला. दोघे नदीवर दगड बघायला गेले. मी चहा घेऊन आले तर उस्तो खाटेवर आडवे झाले होते. तोंड उघडं, टोपी एका बाजूला गेलेली, आणि घोरत होते. पहारीचे घाव पडत होते, विटा धडाधड खाली येत होत्या, आणि म्हातारा लहान पोरासारखा झोपला होता. नुसरतने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि भिंतीवर चढलेल्या माणसांना दबक्या आवाजात म्हणाला, "हळू तोडा रे, उस्तो झोपलेत."